पॉवर बँकेवरचा दिवा: मधे दार कोणी धरायचं?

आमच्या काकांच्या शेतीपंपाला पाळीपाळीनं रात्रीची वीज असते. तो आठवडा आला की रात्री दहाला रानात जायचं, एक सरी भरली की बांध फोडून पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं, आणि हे सकाळी सहापर्यंत. आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात. हातात फावडं, पायाखाली चिखल, सापविंचवाची धास्ती. दोन्ही हात मोकळे राहतील असा, गळ्यात अडकवता येणारा आणि रात्रभर टिकणारा दिवा त्यांना हवा होता. घरात १०,००० मिलिअँपिअर-तासांची एक पॉवर बँक पडून होती. एक वॉटचे पांढरे एलईडी मिळायला काही अडचण नव्हती. अडलं ते मधल्या तुकड्यापाशी, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणाऱ्या ड्रायव्हरपाशी.

इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘एलईडी ड्रायव्हर’ मागितला की समोर येते ती २३० व्होल्टवर चालणारी डबी, छतातल्या पॅनेल लाइटची. ती इथे उपयोगाची नाही. आपल्याला हवा तो ड्रायव्हर पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन, सुटे इलेक्ट्रॉनिक भाग विकणाऱ्यांकडे मिळतो. तिथे मात्र तो वीस प्रकारचा असतो, आणि त्यातले बरेचसे पाच व्होल्टवर नीट चालतच नाहीत. म्हणून घ्यायला जाण्याआधी थोडं समजून घेतलेलं बरं.

एलईडीला काय हवं असतं

पांढऱ्या एलईडीला साधारण २.८ ते ३.४ व्होल्ट लागतात असं आपण म्हणतो. पण ‘लागतात’ हा शब्द फसवा आहे. साध्या तारेच्या बल्बला जास्त व्होल्ट दिले तर त्याचा करंट थोडाच वाढतो. एलईडीचं तसं नाही. अडीच व्होल्टच्या खाली तो जवळजवळ काहीच घेत नाही. एकदा पेटला की व्होल्टेज दोन-तीन दशांशांनी वाढवा, करंट दुप्पट होतो. त्यात भर म्हणजे एलईडी तापला की त्याची व्होल्टेजची गरज आणखी खाली येते, दर अंशाला दोन-चार मिलिव्होल्टनं. म्हणजे व्होल्टेज तंतोतंत स्थिर धरलं तरी तापत जाणारा एलईडी जास्त करंट ओढतो, त्यानं आणखी तापतो, मग आणखी ओढतो. शेवटी काळा पडतो.

काकांना मी हे त्यांच्याच भाषेत सांगितलं. टाकीतल्या पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज. सरीत उतरणारं पाणी म्हणजे करंट. पिकाला टाकीच्या उंचीशी देणंघेणं नसतं, सरीत किती पाणी आलं याच्याशी असतं. टाकी भरलेली असो की अर्धी, सरीत पाणी सारखंच जावं म्हणून कोणीतरी दार धरून उभं राहावं लागतं. ड्रायव्हर म्हणजे हा दार धरणारा गडी. एलईडीतून जाणाऱ्या करंटवर नजर ठेवायची आणि तो कमी-जास्त होऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

म्हणून ड्रायव्हर घेताना पहिला प्रश्न ‘किती व्होल्टचा’ असा नसतो. एलईडीला किती करंट द्यायचा ते आधी ठरवायचं. एक वॉटचा म्हणून मिळणारा एलईडी ३५० मिलिअँपिअरचा असतो, तीन वॉटचा म्हणून मिळणारा बहुधा ७०० मिलिअँपिअरचा.

पॉवर बँकेच्या आत

पॉवर बँकेत लिथियमचे सेल असतात, ३.७ व्होल्टचे. डबीवरचे १०,००० मिलिअँपिअर-तास हे त्या सेलचे. म्हणजे साठा झाला ३७ वॉट-तासांचा. यूएसबीच्या भोकातून मात्र ५ व्होल्ट बाहेर पडतात, कारण आत एक सर्किट ३.७ चे ५ करतं आणि त्याची दलाली स्वतःकडे ठेवतं. दलाली तेरा-चौदा टक्के धरली तर आपल्या हाती येतात ३२ वॉट-तास. अनेक डब्यांवर बारीक अक्षरात ५ व्होल्टला ६,००० किंवा ६,५०० मिलिअँपिअर-तास असा दुसरा आकडा छापलेला असतो. हिशेबाला तोच धरायचा.

त्यातही पॉवर बँक जुनी असेल तर पाचवा हिस्सा आणखी सोडून द्या. आमच्या हिशेबात मी २५ वॉट-तासच पकडले. रात्री रानात दिवा विझण्यापेक्षा कागदावर कमी आकडा दिसलेला चांगला.

आता ५ व्होल्टमधून एलईडीच्या ३ व्होल्टपर्यंत उतरायचं आहे. ते दोन व्होल्ट जाळायचे की वाचवायचे, यावरून ड्रायव्हरच्या जाती ठरतात.

जाळणारे दोन

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे रेझिस्टर, करंटला अडथळा करणारा छोटा भाग; तो अडथळा ओहममध्ये मोजतात. ५ मधून ३ वजा केले, उरले २ व्होल्ट; ३५० मिलिअँपिअरनं भागलं की ५.७ ओहम येतात. बाजारात ५.६ ओहमचा मिळतो. त्यात ०.७ वॉट उष्णता तयार होते, तेव्हा रेझिस्टर दोन वॉटचा घ्यावा, पाव वॉटचा नाही. पुस्तकं रेझिस्टरला नावं ठेवतात, पण इथे तो अगदीच वाईट नाही. पॉवर बँकेचे ५ व्होल्ट बऱ्यापैकी स्थिर असतात आणि एलईडीवर खर्च होऊन दोन व्होल्ट शिल्लक राहतात, त्यामुळे करंट फारसा हलत नाही. व्होल्टेज ४.७५ वर आलं तरी करंट ३१० च्या आसपास राहतो. आकाशकंदिलात पाच मिलिमीटरचे छोटे एलईडी लावायचे असतील तर प्रत्येकाला १०० ओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लावा, २० मिलिअँपिअर मिळतील, बाकी काही विकत घेऊ नका. ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा. दहा एलईडी एकाला एक समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावला, तर ज्याचं व्होल्टेज जरा कमी आहे तो इतरांच्या वाटणीचंही ओढतो, आणि मग एकेक जायला लागतो.

दुसरा जाळणारा म्हणजे एएमसी ७१३५ ही तीन पायांची चिप. चिनी टॉर्चमध्ये ती सर्रास दिसते. करंट पक्का ३५० मिलिअँपिअर, इनपुट २.७ ते ६ व्होल्ट, बाहेरून रेझिस्टर लावायची गरज नाही. पण ती बनली आहे एका लिथियम सेलवर चालायला, जिथे सेल आणि एलईडी यांच्यात फरकच अर्ध्या-एक व्होल्टचा असतो. पाच व्होल्टवर तीही रेझिस्टरइतकेच, ०.७ वॉट जाळते, आणि तेही नखाएवढ्या अंगात. खाली तांब्याचा मोठा पट्टा नसेल तर हात लाववत नाही. पॉवर बँक असताना मी ती वापरत नाही. सुटा सेल असेल तर तिच्यासारखी सोय नाही.

दोन्हींचा हिशेब सारखाच येतो. एलईडी वापरतो १.०५ वॉट, पॉवर बँक देते १.७५ वॉट. शंभरातले चाळीस रुपये वाटेतच गेले.

वाचवणारा: बक

बक म्हणजे उतरवणारा ड्रायव्हर. तो दार अर्धवट उघडून पाणी अडवत नाही. दार पूर्ण उघडतो, पूर्ण बंद करतो, सेकंदाला लाखो वेळा. मधल्या कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, ऊर्जा साठते आणि दार बंद असताना तीच एलईडीला मिळते. पूर्ण उघड्या दारात अडथळा नसतो, बंद दारातून काही जात नाही, त्यामुळे वाया जातं ते थोडंच. चांगला बक नव्वद टक्क्यांच्या आसपास काम देतो.

तोच एलईडी, तोच करंट, पण आता पॉवर बँकेकडून १.७५ ऐवजी १.१७ वॉट घेतले जातात. काकांच्या दिव्यात दोन एलईडी होते. रेझिस्टरवर दोघांना ३.५ वॉट लागले असते, म्हणजे २५ वॉट-तासांत सात तास आणि थोडी मिनिटं. रात्रीची वीज दहा ते सहा, आठ तास. पहाटे पाचला अंधार. बकवर २.३ वॉट लागतात आणि साडेदहा तास निघतात. इथे फरक टक्क्यांचा राहत नाही. रात्र पुरते की नाही, एवढ्यावर येतो.

खरेदीत लोक फसतात ते इथेच, आणि मीही अडकलो होतो. एलईडीचा बक ड्रायव्हर मागितला की सगळ्यात सहज हाती येतो पीटी ४११५ चा. स्वस्त आहे, उत्तम आहे, ३५० मिलिअँपिअरचा तयार मिळतो. पण त्याच्या माहितीपत्रकात इनपुट ६ ते ३० व्होल्ट लिहिलेलं आहे. ५ व्होल्टवर तो एकतर पेटवतच नाही किंवा मंद पेटवतो. मला दिलेला पहिला तुकडा तोच निघाला, आणि मी अर्धी संध्याकाळ सोल्डरिंग पुन्हा पुन्हा तपासत बसलो. सोल्डरिंग व्यवस्थित होतं. ड्रायव्हरच चुकीच्या गावात उभा होता.

एलएम २५९६ चं निळं मॉड्यूल घ्या असाही सल्ला मिळतो. तेही टाळा. त्याच्या आतला स्विच स्वतःच एक व्होल्टच्या आसपास खातो, त्यामुळे पाचातून जेमतेम काही उरतं. शिवाय नेहमीचं मॉड्यूल व्होल्टेज स्थिर ठेवतं, करंट नाही. एक्सएल ४०१५ च्या मॉड्यूलला करंट ठरवायचा स्क्रू असतो, पण त्या चिपला सुरुवातच ८ व्होल्टपासून लागते.

मग मागायचं काय? दुकानदाराला चिपचं नाव सांगण्याआधी तीन गोष्टी सांगा: स्टेप-डाउन, कॉन्स्टंट करंट, आणि इनपुट ५ च्या बरंच खालून सुरू होणारं. पीएएम २८०४ ही चिप यात नेमकी बसते: इनपुट २.५ ते ६ व्होल्ट, एक अँपिअरपर्यंत करंट. तिचा करंट एका छोट्या रेझिस्टरवरून ठरतो. त्या रेझिस्टरवर ०.१ व्होल्ट राहील इतका करंट ती जाऊ देते. ०.३ ओहम लावला की ३३३ मिलिअँपिअर. एलएम ३४०५ सुद्धा चालते, तिचं इनपुट ३ व्होल्टपासून आहे. तिथे मोजायचे व्होल्ट ०.२०५ असतात, म्हणजे त्याच करंटला रेझिस्टर दुप्पट. इनपुटची खालची मर्यादा ४.५ असेल तर मी तो तुकडा घेत नाही, कारण यूएसबीचे पाच व्होल्ट दिव्यापर्यंत पाच राहत नाहीत.

त्याला कारण केबल. स्वस्त केबलमधली तार केसासारखी असते. २८ गेजची तार मीटरभर घेतली तर जाता-येता मिळून ०.४ ओहमहून थोडं जास्त होतं. एक अँपिअर ओढला की चार दशांश व्होल्ट केबलमध्येच गेले. आखूड आणि जाड केबल घ्या, हा खर्च सार्थकी लागतो.

चढवणारा: बूस्ट, आणि त्याची एक धोक्याची खोड

एलईडी एकामागे एक, सिरीजमध्ये जोडले तर व्होल्टेजची बेरीज होते. दोन पांढऱ्यांना सहा, तिघांना नऊ. ५ व्होल्टवरून तिथे पोचायला बूस्ट लागतो. बारा व्होल्टची एलईडी पट्टी असेल तर एमटी ३६०८ चं छोटं मॉड्यूल चालतं. ते व्होल्टेज स्थिर ठेवतं, पण पट्टीत दर तीन एलईडींमागे रेझिस्टर आधीच बसवलेला असतो, त्यामुळे करंटची काळजी पट्टी घेते. पट्टी जोडण्याआधी मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट करून घ्या. त्याचा पितळी स्क्रू बऱ्याचदा खूप फेरे फिरवल्यावर हलायला लागतो. मॉड्यूल बिघडलंय असं समजून टाकून देऊ नका. सुट्या एलईडींच्या माळेला मात्र करंट स्थिर ठेवणारा बूस्टच हवा, एलएम ३४१० किंवा टीपीएस ६११६५ सारखा.

खोड अशी की बूस्ट चढवू शकतो, उतरवू शकत नाही. त्याच्या रचनेत इनपुटपासून एलईडीपर्यंत कॉइल आणि डायोडमधून (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) सरळ वाट कायम उघडी असते. इनपुट ५ व्होल्ट आणि पुढे ३ व्होल्टचा एकच एलईडी जोडला तर ड्रायव्हरनं हात वर केले तरी करंट वाहतच राहतो, आणि एलईडी जातो. टाकी सरीच्या वर असेल आणि दारच नसेल, तसं. पॉवर बँकेवर एकच पांढरा एलईडी आणि बूस्ट ड्रायव्हर, ही जोडी कधीही लावू नका. पाकिटावर ‘३.७ व्होल्ट टॉर्च ड्रायव्हर’ लिहिलेल्या काही तुकड्यांच्या आत बूस्टच असतो, म्हणून विचारून घ्या.

बूस्टला इनपुटचा करंटही बराच लागतो. मीटरला ४.८ वॉटची पट्टी असेल तर ५ व्होल्टवर एक अँपिअरहून थोडं जास्त, ते ठीक. मीटरला १४.४ वॉटची दाट पट्टी असेल तर सव्वातीन अँपिअर, आणि साधी पॉवर बँक तिथे हात टेकते. केबल बारीक असेल तर प्रकार आणखी बिघडतो: व्होल्टेज पडलं की बूस्ट तितकीच पॉवर काढायला जास्त करंट ओढतो, त्यानं व्होल्टेज आणखी पडतं, आणि दिवा लुकलुकायला लागतो.

इतका उजेड खरंच हवा असेल तर टाइप-सी पीडीची (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे मागितल्यास जास्त व्होल्ट देणारी) पॉवर बँक आणि ट्रिगर बोर्ड हा मार्ग आहे. ट्रिगर बोर्ड पॉवर बँकेकडे ९ किंवा १२ व्होल्ट मागतो. पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५, २० अशा आहेत. १२ ऐच्छिक असल्यामुळे ते सगळ्या बँकांत मिळत नाहीत. ९ व्होल्ट मिळाले की मघाशी बाजूला ठेवलेला पीटी ४११५ कामाला येतो: दोन पांढरे एलईडी सिरीजमध्ये, सहा व्होल्ट, आणि तो खुशीत चालतो. एक भीती मात्र मनातून काढून टाका. फास्ट चार्जिंगची पॉवर बँक आपणहून जास्त व्होल्ट पाठवत नाही. मागितल्याशिवाय पाचच मिळतात.

टाइप-सी सॉकेट स्वतः बसवत असाल तर सीसी नावाच्या दोन्ही पिनांना ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडकडे लावा. तो नसला तर दोन्हीकडून सी असलेल्या केबलवर पॉवर बँक काहीच देत नाही, आणि माणूस ड्रायव्हरला दोष देत बसतो.

पॉवर बँक स्वतःच झोपते तेव्हा

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या गोष्टीची. पॉवर बँक बनली आहे फोन चार्ज करायला. करंट फार कमी झाला की तिला वाटतं फोन भरला, आणि ती अर्ध्याएक मिनिटात बंद होते. ही सीमा अनेक बँकांत ५० ते १०० मिलिअँपिअरच्या मधे असते. कंदिलात दोनच छोटे एलईडी लावले की ४० मिलिअँपिअर होतात, आणि कंदील लागतो न लागतो तोच विझतो. तिथे उपाय सोपा: एलईडी वाढवा. दहा केले की २०० मिलिअँपिअर होतात, उजेडही वाढतो, आणि तरी चांगल्या पॉवर बँकेवर दिवसभराहून जास्त चालतो. काही बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटची पद्धत सुरू होते, इअरफोन आणि घड्याळं चार्ज करायला दिलेली. ती असेल तर प्रश्नच मिटला.

पण मंद करता येणाऱ्या दिव्यात ही गोष्ट लपून बसते. बकमध्ये एलईडीतून जातो त्याहून कमी करंट यूएसबीतून येतो. एलईडीत ३५० मिलिअँपिअर, तर यूएसबीत साधारण २३५. दिवा मंद करून एलईडीत १०० केले, तर यूएसबीत उरतात सत्तरच्या आतबाहेर, आणि पॉवर बँक झोपायला मोकळी. रेझिस्टरवर तिथे पूर्ण १०० राहिले असते. म्हणजे ड्रायव्हर जितका काटकसरी, तितकं हे संकट लवकर येतं. टेबलावर वाचत असताना दिवा गेला तर फार काही बिघडत नाही. विहिरीच्या काठावर गेला तर बिघडतं.

म्हणून काकांच्या दिव्यात मंद करायची सोयच ठेवली नाही. दोन एलईडी, दोन स्वतंत्र पीएएम २८०४, प्रत्येकी ३३० च्या आसपास, आणि दुसऱ्यालाच तेवढं बटण. पहिला पायाकडे वळवलेला, दुसरा समोर लांब. एकच लावला तरी यूएसबीतून दोनशेच्या वर करंट जातो, त्यामुळे पॉवर बँक जागी राहते. एक ड्रायव्हर गेलाच तर दुसरा उरतो. दोन्ही एलईडी चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियम पाटीवरचे, ती पाटी थर्मल पेस्ट लावून तळहाताएवढ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवली. तासाभरानं पत्रा कोमट लागतो, चटका बसत नाही. पॉवर बँक छातीशी, प्लास्टिकच्या पिशवीत, कारण पाण्याशी तिचं जमत नाही.

रानात पाठवण्याआधी दिवा एक रात्र ओट्यावर लावून ठेवला, दोन्ही एलईडी चालू करून. यूएसबी मीटरनं सुरुवातीला पाऊण तास दर दहा मिनिटांनी करंट पाहिला, कारण तापल्यावर तो सरकत असेल तर ड्रायव्हर दार नीट धरत नाही असा अर्थ होतो. सरकला नाही. रात्री नऊला लावला होता, सकाळी सातला काकू सडा टाकायला आल्या तेव्हा तो पेटलेला होता. काका आता त्यावरच जातात. खिशात मात्र एक छोटी सेलची टॉर्च ठेवायला मी सांगितलंय, आणि ते ठेवतात.